जुन्या मापाचा झंपर

श्रीदेवीचे दंड ही आमच्या गल्लीत बघण्यासारखी गोष्ट होती. सकाळी परातीसमोर बसून ती भाकरी थापायला लागली की शेजारच्या माझ्या भिंतीला हादरा पोचायचा. ज्वारीच्या कडक भाकरी थापून दुकानांना घालायच्या, त्यावर घर चालवायचं, त्यावरच पूनमला इंजिनिअर करायचं, हे सगळं त्या दोन दंडांनी केलं. बाई मैंदर्गीची. माहेरच्यांशी कन्नड, आमच्याशी मराठी, चिडली की दोन्ही.

पूनम लहान असताना आईचा दंड दोन्ही हातांनी धरून झोपायची. बोटं पुरायची नाहीत. "अव्वा, तुझा हात संपतच नाही!" म्हणायची. पुढे पुण्याला नोकरीला गेली, तरी घरी आली की आधी दंड धरायची, मग चपला काढायची.

गेल्या माघात श्रीदेवीबरोबर मी दवाखान्यात गेले होते. पोटातला कॅन्सर, यकृतापर्यंत पोचलेला. डॉक्टर समजावून सांगत होते आणि ही त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाई, वैशाखात पोरीचं लग्न हाय. पूनमला कळू द्यायचं न्हाय."

"मूर्खासारखं बोलू नकोस," मी म्हटलं.

पण तिचंही कारण होतं. नवरा महादेवप्पा लकव्याने अंथरुणाला खिळला तेव्हा पूनमने ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि नोकरी सोडून बापाच्या उशाशी बसली होती. तो जाईपर्यंत बसली. तिकडच्यांनी दुसरी मुलगी केली. आता इतक्या वर्षांनी मृत्युंजयसारखा मुलगा मिळाला होता, आणि आईचं कळलं असतं तर पोरीने पुन्हा तेच केलं असतं. "एकदा झालं. माझ्यापायी परत न्हाय," श्रीदेवी म्हणाली. "अक्षता पडू देत, मग सांगू की." मला पटलं नव्हतं. आजही पटत नाही. पण मरणार ती होती, मी नव्हे.

चेहरा उतरला त्याला तिने शुगर आली असं सांगून टाकलं. सोलापुरात शुगर म्हटलं की कुणी पुढचं विचारत नाही. दंडांचं काय करणार? मांस गेलं आणि कातडी तेवढी लोंबत राहिली. त्यात लग्नाचा झंपर शिवायचा होता. शिंप्याची बायको म्हणजे गल्लीचा भोंगा. तिच्यासमोर टेप लावून घ्यायला नको म्हणून श्रीदेवीने नेहमीसारखा मापाला जुना झंपर पाठवून दिला. नवा हिरवा झंपर आला, तेव्हा एका बाहीत तिचे दोन्ही हात मावले असते.

"हा कुणाचा गं?" मी विचारलं.

"पूनमच्या अव्वाचा," ती म्हणाली.

म्हणून आम्ही नवी पेठेत गेलो. आर्म शेपर घ्यायला. कोपरापर्यंतच्या दोन घट्ट बाह्या, पाठीवर पट्टीने जोडलेल्या. जाड दंड बारीक दिसावेत म्हणून बायका आतून घालतात. दुकानातल्या मुलीने ठरलेलं भाषण सुरू केलं. "मावशी, एक साइज लहानच घ्या. दोन इंच आत जातंय बघा."

"आत न्हाय गं, भायेर आणायचंय."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "आत घडी मावेल आणि तरी धरून ठेवेल, असा दे."

"आत काय घालणार, आजी?" तिने मला विचारलं.

"जे गेलंय ते," श्रीदेवी म्हणाली आणि हसली. न कळताच ती मुलगीही हसली. कातडीच्या रंगाचा म्हणून जो तिने काढला तो कुठल्या गोऱ्यापान बाईच्या कातडीचा असावा. आम्ही काळा घेतला. मोठा घसरत होता, लहान रुतत होता. मधला बसला.

आधी कापूस भरून पाहिला. त्याचे गोळे झाले, गळवं आल्यासारखे. मग तिने ट्रंकेतून महादेवप्पाचं लाल काठाचं धोतर काढलं, फाडलं, पट्ट्यांच्या घड्या केल्या आणि त्या दंडांभोवती गुंडाळून वर शेपर ओढला. आरशापुढे हात वर केले, खाली केले, अक्षता टाकल्यासारखे केले. "आली की श्रीदेवी परत," असं आरशालाच म्हणाली.

पूनम आली. दारातच दंड धरला. "अव्वा, शुगर झाली म्हणतेस आणि हात तर दगड झालाय!"

"थापून बघ रोज भाकरी, तुझाबी हुईल."

तेव्हापासून श्रीदेवीने तो शेपर अंघोळीपुरताच उतरवला. वैशाखातलं ऊन, हळदीची गर्दी, बोटं सुजून लाल झालेली. अंघोळीच्या वेळी मी आत गेले तर दंडांवर वळ आणि पुरळ. "परत घालू नकोस तो," मी ओरडले. "हात सडतील."

"सडू देत. हात घेऊन कुटं जायचंय मला?"

अक्षता पडल्या. श्रीदेवीने उभं राहून शेवटची पंगत उठवली. पाठवणीच्या वेळी पूनम रडत आली आणि सवयीने आईचा दंड दोन्ही हातांनी धरला. घामाने घडी खाली सरकली होती. पोरीची बोटं एकदम आत गेली. तिचं रडणं थांबलं. झंपराच्या बाहीखालून धोतराचा लाल काठ डोकावत होता. बापाची धोतरं तिने दीड वर्ष स्वतः धुतली होती.

मी मनात म्हटलं, आता संपलं. ही गाडीत बसत नाही.

पूनमने बोटाने तो काठ हळूच आत सारला. बाही सारखी केली. म्हणाली, "अव्वा, झंपर ढिला शिवलाय गं. मी आले की आत घेते."

"घे की. आधी गाडीत बस."

गाडी वळली. श्रीदेवी मांडवाच्या खांबाला टेकली. "बाई, तिला कळलं."

"कळलं."

"तरी गेली न्हाय का?"

"गेली." तेव्हा कुठे ती रडली. मी तिला आत नेऊन आधी तो शेपर सोडवला.

आठवडा व्हायच्या आत पूनम परत आली, मृत्युंजयला घेऊन. तो बाहेरच्या खोलीत लॅपटॉप मांडून बसला. तिने आईला रागावून एक शब्द विचारला नाही. झंपर उसवायला घेतला. मापासाठी टेप नव्हता, तर आईच्या दंडाभोवती हात धरला. एकाच हाताची बोटं एकमेकांवर चढली.

"आता पुरली की बोटं," श्रीदेवी म्हणाली.

पूनमच्या तोंडात सुई होती. तिने बाहीला आतून नुसता धावदोरा घातला, लांब लांब टाक्यांचा. मला असलं कच्चं काम सहन होत नाही. "नीट शिव, उसवेल," मी म्हटलं.

"परत आत घ्यावा लागेल, आजी," मान वर न करता ती म्हणाली.

श्रावण लागायच्या आत तिने तो आणखी दोनदा आत घेतला.