कुमुदताईंची पागा

कुमुदताई माणसांना अरे-तुरे करीत आणि तट्टांना अहो-जाहो. मी पहिल्यांदा नोएडात यमुनेकाठच्या त्यांच्या पागेच्या फाटकाशी उभा होतो, तेव्हा आतून आवाज आला, "अहो राणीसाहेब, पाय उचला." आणि एका पांढऱ्या घोडीने खरोखरच, दरबारी थाटात, पाय उचलला. मग ताई माझ्याकडे वळल्या. "तू कोण रे? सँडल घालून तबेल्यात येतात का? जा, बूट घालून ये." मी गेलो. आयटीत वीस माणसं माझ्या हाताखाली होती, तरी निमूट गेलो.

ताई सत्तरीच्या, उंचीने जेमतेम पाच फूट, जनावरांच्या निवृत्त डॉक्टर. यजमानांच्या सरकारी नोकरीमुळे अर्धं आयुष्य दिल्लीत, सरोजिनी नगरच्या क्वार्टरात गेलं. ते वारल्यावर त्यांनी ही भाड्याची जागा घेतली आणि वरातींच्या धंद्यातून बाद झालेली पाच तट्टं आणली. लग्नसराईत रस्त्यावर बँड वाजला की पाचही जणं कान टवकारून रांगेत उभी राहत. "बसा हो," ताई म्हणत, "रिटायर झालात तुम्ही."

मी दर रविवारी मदतीला जाऊ लागलो. चंदी घालण्याचा क्रम ठरलेला. भिजवलेल्या हरभऱ्याची पहिली बादली राणीसाहेबांना, शेवटची मास्तरांना. मास्तर हे पाचांतलं सगळ्यांत बुटकं आणि मवाळ तट्टू. मला दया येई. मी तसं म्हटलं, तर ताई म्हणाल्या, "क्रम त्यांचा त्यांनीच लावलाय. मी फक्त वाढपी."

मला ते पटलं नाही. एका रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या माळ्याने लॉन कापलं, तेव्हा ते हिरवंगार गवत मी पोत्यात दाबून गाडीत टाकलं आणि ताई आत असताना मास्तरांना एकट्यांनाच बाजूला नेऊन चारलं. त्यांनी पोतं रिकामं केलं. मला अगदी धन्य वाटलं.

दोन तासांनी मास्तर मान वळवून स्वतःच्या पोटाकडे पाहू लागले. मग पुढच्या पायाने माती उकरू लागले. ताई आल्या, बोट वर करून मला गप्प केलं आणि मास्तरांच्या पोटाला कान लावला. बराच वेळ.

"आत सतत चक्की चालू असते," त्या म्हणाल्या. "बंद आहे. काय खाल्लंय यांनी?"

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. "लॉनचं गवत, ताई. पोतंभर. मीच दिलं."

"पोत्यात आंबून गरम झालं होतं?"

"थोडं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "घोड्याला ओकता येत नाही रे," त्या एवढंच म्हणाल्या. "आत गेलेलं मागच्याच वाटेने यायला हवं. नाही आलं तर मास्तर जातील." त्यांनी इंजेक्शन दिलं आणि दोरी माझ्या हातात ठेवली. "चालव. लोळू द्यायचं नाही, आतड्याला पीळ पडतो."

मी चालवलं. घामाने भिजलेलं ते लहानसं जनावर दर दहा पावलांवर गुडघे मोडू पाही. "चलो मास्टरजी, चलो यार," मी गयावया करत होतो.

"मराठीत बोल," ताई म्हणाल्या. "हिंदीत त्यांना वरात आठवते. नाचायला थांबतील."

भर दुपारचं ऊन उतरणीला लागलं. कुंपणापाशी उरलेली चौघं उभी, एकही गवताला तोंड लावीना. पंधरा-पंधरा मिनिटांनी ताई पोटाला कान लावत, मान हलवत आणि त्याच सपाट आवाजात "चालव" म्हणत. मी मोठमोठे सर्जन पाहिलेत, मंत्रीही पाहिलेत. एवढी शांत बाई पाहिली नव्हती.

चारच्या सुमारास त्यांनी कान लावला आणि डोळे मिटले. "चक्की किरकिरतेय," त्या पुटपुटल्या. आणखी दोन फेऱ्या झाल्या. मास्तर थांबले, शेपटी उचलली, आणि त्यांनी लीद टाकली. ताईंनी वाकून ती हाताने फोडली, वास घेतला. "ओली आहे. छान."

मी आनंदाने वळलो, तर ताई मातीत बसल्या होत्या. लीद पुसायचं फडकं त्यांच्या हातातून दोनदा पडलं.

मी शेजारी बसलो. "ताई, तुम्ही घाबरला होतात?"

"मग? चक्की बंद ऐकली तेव्हापासून."

"वाटलं नाही अजिबात."

"तुझ्या हातात दोरी होती ना," त्या म्हणाल्या. "मी घाबरले असते तर तू घाबरला असतास. आणि तू घाबरलास हे दोरीतून मास्तरांना कळलं असतं."