बुडाखालचं नाव

मी सासर सोडलं त्या दुपारी गिरगावातल्या आपल्या चाळीच्या गॅलरीत तुम्ही सगळ्याजणी उभ्या होतात. कुणी तांदूळ निवडत होतं, कुणी वाळलेले कपडे उगाच पुन्हा झटकत होतं. माझ्या हातात एक कापडी पिशवी. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पिशवी दाखव." मी तिथेच, उंबऱ्याबाहेर, पिशवी पालथी केली. दोन साड्या, परकर, टॉवेल, दहावीचं सर्टिफिकेट. त्यांनी पायाच्या अंगठ्याने साडी उलगडून पाहिली. सर्टिफिकेट पायाखाली आलं ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. मग तुम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "येताना अंगावरच्या साडीनिशी आलीस. जाताना दोन नेतेयस. उपकार मान."

माझ्या लग्नात आईने गोण्या भरून दिलेल्या भांड्यांना तुम्हीच हात लावून पाहिला होतात. जाड आहेत हो, म्हणाला होतात. त्या दुपारी मात्र एकीचंही तोंड उघडलं नाही.

म्हणून हे तुमच्यासाठी लिहितेय. ज्या तिथेच राहिल्या त्यांच्यासाठी, आणि ज्या नंतर खोली विकून माझ्या मागोमाग भाईंदरला आल्या त्यांच्यासाठीही. मी का गेले ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगते, म्हणजे 'संसारात असं चालायचंच' असं कुणी म्हणायला नको. भात खाली लागला म्हणून नवऱ्याने भरल्या पंगतीत माझ्या थोबाडीत दिली. पाहुणे होते, दीर होता, सासरे होते. क्षणभर सगळे थांबले आणि मग कुणीतरी ताक मागितलं. ती थप्पड मी विसरले असते कदाचित. ते ताक मी विसरले नाही.

माझी आई पेणला लोकांचे कपडे शिवायची. वडील नव्हते. दर दसऱ्याला ती माझ्या लग्नासाठी एखादं भांडं घ्यायची, तेही दुकानदाराचा जीव खाऊन. प्रत्येक भांडं उपडं करायची. "बूड बघावं गं. काठ काय, सगळेच चकचकीत करतात." मग नाव कोरणाऱ्यासमोर स्टुलावर बसून राहायची आणि मला म्हणायची, तू जा, रिबिनी बघ. मी रिबिनी बघायला जायचे. काठावर माझं नाव असायचं, ते मला माहीत होतं.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं, कीर्ती. कुसुम जुनाट वाटतं म्हणे. भांड्यांच्या गोण्या सासूबाईंनी माळ्यावर चढवल्या, सणासुदीला काढू म्हणाल्या, आणि मी त्यांची जुनी, चेपलेली पातेली घासत राहिले. आईची भांडी मी एकदाही घासली नाहीत. ती एकदा भेटायला आली आणि सवयीने कुसुम अशी हाक मारली, तर सासूबाई म्हणाल्या, "आता कीर्ती म्हणा." आईने मान डोलावली, पण मला परत कुठल्याच नावाने हाक मारली नाही. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी ती गेली. त्यानंतर मला कुसुम म्हणणारं कुणी उरलं नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझी शाळेतली मैत्रीण नलू टेलिफोन खात्यात होती आणि भाईंदर पश्चिमेला तिने वन रूम किचन घेतलं होतं. तिने मला आत घेतलं, एकही प्रश्न विचारला नाही. खिडकीतून मिठागरं दिसायची आणि डास पाहुण्यांसारखे मुक्कामाला यायचे. पाणी एक दिवसाआड, तेही जेमतेम अर्धा तास. गिरगावात आपले हंडे-कळश्या कायम भरलेल्या असायच्या. इथे प्रत्येक दाराबाहेर रिकामी भांडी उपडी घातलेली असायची, धूळ आणि पाली आत जाऊ नयेत म्हणून. शेजारच्या हंसाबेनने पहिल्याच दिवशी विचारलं, "नाम क्या है आपका?" माझ्या तोंडून निघून गेलं, कुसुम. दुसऱ्या दिवशी पहाटे दारावर थाप पडली. "कुसुमबेन, पाणी आव्युं." मी हंडा घेऊन धावले आणि नळावर उभी राहून रडले. हंसाबेनला वाटलं मला पाणी कमी मिळालं, तिने आपली कळशी माझ्या हंड्यात ओतली.

मग मी कोर्टात गेले. घटस्फोट मागितला नाही. नवऱ्याला मोकळं करण्याची मला काही घाई नव्हती. मी फक्त माझी भांडी मागितली. सासरच्यांनी लिहून दिलं की मुलीने माहेराहून काहीच आणलं नव्हतं. कोर्टातल्या समुपदेशक बाई चांगल्या होत्या, पण त्याही म्हणाल्या, "भांड्यांसाठी कशाला इतकं? पुढचं बघा." पुढचंच बघत होते मी. माझ्या आईने सुईत डोळे घालून जमवलेल्या पातेल्यांत सासूबाईंनी आमटी करावी आणि वर म्हणावं की हिने काही आणलंच नाही, हे मी पुढे आयुष्यभर गिळणार नव्हते. बाहेर जिन्यात नवरा मला गाठून म्हणाला, "मोडीत गेली तुझी भांडी. आता काय वितळवून आणणार?" मला ते खरं वाटलं. त्या रात्री मी जेवले नाही.

पोटासाठी एका संशोधन संस्थेत काम लागलं होतं. लग्न, घर आणि बाईची कमाई असा त्यांचा विषय. भाईंदरच्या नव्या वस्त्यांतून दारोदार जायचं आणि बायकांना प्रश्न विचारायचे. आमच्या मॅडम कडक होत्या. त्यांनी शिकवलं, उत्तर सुचवायचं नाही, मान डोलवायची नाही, आणि ज्या घरात जे ऐकाल-पाहाल ते कुणाच्या नावाने घराबाहेर न्यायचं नाही. मी विचारायचे, तुम्ही काम करता का? बाई म्हणायची, नाही, घरीच असते. हे म्हणताना तिच्या हातात चिमटा असायचा, पुढ्यात नकली दागिन्यांचे खडे असायचे आणि मान वाकून वाकून खांदे दुखायला आलेले असायचे. नवरा घरात असला तर तोच उत्तर द्यायचा, "ये कुछ नहीं करती." मी लिहून घ्यायचे आणि मनातल्या मनात त्या सगळ्या नवऱ्यांना आमच्या माळ्यावर कोंडायचे.

अशीच एकदा भाईंदर पूर्वेला, नवघरला, एका नव्या बिल्डिंगीत गेले. नवीन लग्न झालेली मुलगी होती, एकटीच. तुमच्यापैकीच एकीच्या नात्यातली निघाली. कुणाच्या ते सांगणार नाही, मॅडमना शब्द दिलाय. मी प्रश्न विचारला, लग्नात तुम्हाला काय काय मिळालं आणि ते आज कुणाचं आहे? ती हसली. "माझं असं काय नाही हो ताई. सगळं घरचंच." पाण्याचा दिवस नव्हता. मोरीजवळ भांडी उपडी होती. त्यातल्या एका कळशीच्या बुडाखाली बारीक अक्षरं होती.

कुसुम, आईकडून.

कागदावर नसलेला प्रश्न मी त्या कामात एकदाच विचारला. "ही कळशी कुठली गं?" "लग्नात आलीय, आहेरात." मी ती सुलटी केली. काठावर माझ्या सासऱ्यांचं नाव, आडनावासकट, आणि 'सप्रेम भेट'. त्या नावाभोवतीचा पत्रा जरा जास्तच चकाकत होता. खालचं जुनं नाव घासून काढलं होतं. सासूबाईंनी माझाच आहेर फिरवला होता. आपल्याकडे कोण फिरवत नाही? पण फिरवण्याआधी त्या बाईने काठ पाहिला आणि बूड पाहिलं नाही, कारण गिरगावात भांडी उपडी ठेवायची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती. मला रिबिनी बघायला का पाठवलं जायचं ते तेव्हा कळलं. ती कळशी उचलून पळत सुटावं असं वाटलं. मी ती होती तशी उपडी ठेवली आणि पुढचा प्रश्न विचारला. मला कळशी नको होती. भांडी मोडीत गेली नाहीत, एवढंच मला कळायला हवं होतं.

पुढचं तुम्ही पाहिलंत, पुन्हा त्याच गॅलरीतून. घरात जाऊन भांडी तपासावीत असा माझ्या वकीलबाईंनी अर्ज केला आणि कोर्टाने माणूस पाठवला. नवरा बनियनवर स्टुलावर चढून माळ्यावरच्या गोण्या काढत होता, केसांना जळमटं. सासूबाई कोर्टाच्या माणसाला एकेक काठ दाखवत होत्या. "बघा ना, आमचंच नाव आहे. सगळीकडे आमचंच." तो माणूस वही मिटायला लागला. मी म्हटलं, "साहेब, उपडी करा."

पहिली परात उपडी झाली. त्याने वाचलं, कुसुम, आईकडून. सासूबाईंनी वाकून पाहिलं आणि फटकन म्हणाल्या, "कुसुम कोण? आमच्या घरात कुसुम नावाची कोणी नाही." मी पिशवीतून दहावीचं सर्टिफिकेट काढून त्या माणसाच्या हातात दिलं. त्यावर सासूबाईंच्या टाचेचा डाग अजून होता. त्याने नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि वही पुन्हा उघडली.

एक परात पुरे होती. मी प्रत्येक भांडं उपडं करायला लावलं. वाट्यासुद्धा. प्रत्येक वेळी नाव मी मोठ्याने वाचलं, गॅलरीच्या टोकापर्यंत जाईल असं. सासूबाई आत जायला निघाल्या तर मी म्हटलं, थांबा, तुमचंच घर आहे, बघा नीट. मला आनंद झाला, खूप झाला, आणि तो अजून ओसरलेला नाही. तुम्ही त्या दिवशीही गप्पच होतात, पण माना खाली होत्या, तेवढं मला पुरलं.

आता नवघरला माझी स्वतःची खोली आहे. मिठागरांच्या बाजूला बिल्डिंगी उठल्यात, पाणी रोज येतं. तरी माझी भांडी मी उपडीच ठेवते. मॅडमच्या अहवालात घर या शब्दाची चांगली अर्ध्या पानाची व्याख्या होती. माझी तेवढी लांब नाही. जिथे आत येताना कुणी आपली पिशवी उघडत नाही आणि बाहेर जातानाही उघडत नाही, ते घर.

शेवटचं सांगते आणि थांबते, कारण हे तुम्ही पाहिलेलं नाही. नव्वदचं दशक सरताना एका रविवारी नवरा दारात आला. केस पिकलेले, आवाज मऊ. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. "आईला बघणारं कोणी नाही," तो म्हणाला. "झालं गेलं विसर. नोकरी सोड, घरी चल. तुझंच घर आहे ते."

मी पाणी दिलं. उन्हातून आला होता, फुलपात्र वर करून गटागटा पिऊ लागला. मी समोर बसले होते. त्याच्या तोंडापुढे बूड माझ्याकडे आलं आणि मी ते सावकाश वाचलं.

पाणी संपलं. तो म्हणाला, "कीर्ती, आईला काय सांगू?"

"सांगा, कीर्ती नावाची इथे कोणी नाही."

तो जिना उतरेपर्यंत मी ऐकत बसले. मग फुलपात्र घासलं आणि उपडं ठेवलं.