नुकरीचे गुडघे

माझ्या भासऱ्यांना, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, मी नको होते, हे मला लग्नाच्या दिवशीच कळलं होतं. पण आमचं खरं वैर लागलं ते एका बछेरीवरून. ते अजून मिटलेलं नाही आणि मिटावं असं मलाही वाटत नाही.

मी जबलपुरातल्या घमापुरची. आजोबा भंडाऱ्याकडून इकडे कारखान्यात नोकरीला आले, वडीलही तिथेच लागले. कॉलेजात असताना मी घोड्यावर बसायला शिकले आणि मग दुसऱ्या कशात मन लागलं नाही. नवऱ्याचं घराणं मात्र मराठ्यांच्या फौजेबरोबर जबलपुरात आलेलं. घोड्यावर बसून आलेला तो पूर्वज दर जेवणाला पंगतीत येऊन बसायचा. पनागरच्या रस्त्याला त्यांची जमीन आहे, तिथे तबेला आहे. भासरे लग्नाच्या वरातींना घोड्या द्यायचे. लग्नानंतर मी तिथेच सकाळी शहरातल्या मुलांना घोडेस्वारी शिकवायला लागले आणि त्या कमाईतून स्वतःची एक घोडी घेतली. नवरा सरकारी कचेरीत. तो घोड्यांना भितो, आणि त्याहून जास्त भावाला.

घरात एक जुनी रीत होती, भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही. बाकी सगळ्यांनी ती कधीच सोडली होती. चुलत भावांच्या बायकांशी हेच भासरे हसून-खिदळून बोलायचे. माझ्यापुरती मात्र त्यांनी ती जपली. मी समोर उभी असले तरी नवऱ्याकडे बघून म्हणायचे, "तिला सांग."

माझ्या घोडीला नुकरी बछेरी झाली. नुकरी म्हणजे पांढरीशुभ्र, कातडीसुद्धा गुलाबी. वरातीत नुकरीला जो मान, तो दुसऱ्या कुठल्या घोडीला नाही. ही पोर वाढलीही ताडासारखी. दीड वर्षाची असतानाच लांबून बघणाऱ्याला पूर्ण घोडी वाटायची. जवळ गेलं की खरं काय ते दिसायचं. छाती अरुंद, पाठीवर मांस नाही, आणि मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच. म्हणजे अंग अजून वाढतच होतं. तोंड उघडून बघावं तर सगळे दुधाचे दात.

पण भासरे लांबूनच बघायचे. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं, तुळशीचं लग्न आटोपल्यावरचा मुहूर्त निघाला, आणि त्यांनी पाहुण्यांसमोर जाहीर केलं की नवरदेव घरच्या नुकरीवर बसून जाईल. मला कुणी विचारलं नव्हतं. घोडी माझी, बछेरी माझी, तिला पहिल्या रात्रीपासून मी बघितलेलं.

मी नवऱ्याला सांगितलं की तेव्हा ती जेमतेम दोन वर्षांची असेल. घोड्याची हाडं खालून वर भरत येतात, खुराजवळची आधी, गुडघ्याची नंतर आणि पाठीची सगळ्यात शेवटी. त्यावर शेरवानीतला ऐंशी किलोचा नवरदेव बसवून डीजेसमोर तीन तास उभी केली तर काय होईल ते आज दिसणार नाही, पाच-सहा वर्षांनी दिसेल. आणि तिला अजून लगाम माहीत नाही, ट्रॅक्टर गेला तरी बिचकते. नवऱ्यानं हे सगळं भावाला सांगितलं की अर्धंच सांगितलं, मला माहीत नाही. उत्तर आलं ते असं की आजोबा दीड वर्षाच्या घोड्यावर खोगीर टाकायचे. मी विचारलं, त्यातले किती घोडे दहा वर्षांचे झाले? हा प्रश्न त्यानं पोचवलाच नाही.

मग मी ओळखीच्या घोड्यांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्या एक्स-रेचं छोटं मशीन घेऊन आल्या, पुढच्या दोन्ही पायांचे फोटो काढले आणि गुडघ्याच्या वरची एक रेघ दाखवली. ती रेघ म्हणजे हाड जिथून वाढतं ती जागा. पूर्ण भरली की रेघ पुसली जाते. नुकरीची रेघ लख्ख दिसत होती. "हड्डी अभी कच्ची है," त्या भासऱ्यांना म्हणाल्या. "अभी पीठ पर कुछ मत रखिए. छह महीने बाद फिर देखेंगे."

भासऱ्यांनी त्यांना चहा पाजला, गाडीपर्यंत सोडायला गेले, आणि परत येऊन नवऱ्याला म्हणाले की डॉक्टरीण तिच्याच ओळखीची आहे, तिला हवं तेच बोलणार.

दिवाळी झाली, नुकरीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, आणि मी जरा निर्धास्त झाले. एका रविवारी शिकवणी नव्हती, तरी मी नवऱ्याबरोबर तबेल्यावर गेले. मैदानात भासरे दोरी धरून उभे होते आणि नुकरी त्यांच्याभोवती गोल फिरत होती. तिच्या पाठीवर खोगीर होतं आणि खोगिरावर गव्हाचं पोतं करकचून बांधलेलं. पोटाखालचा तंग इतका आवळलेला की त्याच्या कडेनं घामाचा फेस आला होता. ती पाठ खाली दाबून चालत होती, कान मागे, शेपूट पायात. वळण आलं की पुढचा डावा पाय टाकताना थांबायची. भासरे दोरीचं टोक हवेत फिरवायचे आणि ती पुढे जायची.

मी सरळ आत गेले आणि दोरी धरली. त्यांनी सोडली नाही. क्षणभर आम्ही दोघं एकाच दोरीला धरून उभे होतो.

"तिला सांग, सोड म्हणावं," ते नवऱ्याला म्हणाले.

नवरा कुंपणापाशी उभा होता. 

मी म्हटलं, "माझ्याशी बोला. घोडी माझी आहे."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून तोंड उघडलं. आवाज चढवला नाही. "तू आम्हाले घोडा शिकवून राहिली काय? तुमच्यात घोडे होते कधी?"

तुमच्यात. घमापुरात शाळेत असताना हा शब्द मी पुष्कळ ऐकला होता. इतकी वर्षं या घरात मी त्याचीच वाट बघत होते, असं त्या क्षणी वाटलं. बरं वाटलं म्हणायला हरकत नाही. निदान आता तो बाहेर तरी पडला होता.

"नव्हते," मी म्हटलं. "म्हणून मले विचारून शिका लागलं. तुम्ही काहून विचारान?"

मी पोत्याची गाठ सोडायला लागले. ती सुटेना, तेव्हा खिशातल्या चाकूनं दोरच कापला. पोतं खाली पडून फुटलं आणि नुकरी उडाली, पण पळाली नाही, माझ्यामागे येऊन उभी राहिली. पाठीवर दोन्हीकडे खोगिराचे लाल वळ उठले होते. मी नवऱ्याला गाडी बोलवायला सांगितलं. त्यानं भावाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फोन काढला. लग्नानंतर त्यानं माझी बाजू घेतली ती तेवढी एकदाच, तीही एक शब्द न बोलता.

शहपुऱ्याला माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचं शेत आहे. दुपारच्या आत नुकरी तिथे पोचली. तिची आई, माझी घोडी, पनागरला राहिली. गाडी रस्त्याला लागेपर्यंत ती खिंकाळत होती, ते अजून माझ्या कानात आहे आणि त्याचंही खापर मी भासऱ्यांवरच फोडते.

लग्नाला मी गेले. न जाण्याचं समाधान त्यांना द्यायचं नव्हतं. घरात दुसरी पांढरी घोडी नव्हती, म्हणून नवरदेव भाड्याच्या म्हाताऱ्या पांढऱ्या घोडीवर बसला होता आणि ती झोपेतच चालल्यासारखी चालत होती. डीजेच्या भिंतीसारख्या डब्यांपासून हातभर अंतरावर तिला उभी केली होती, कुणीतरी तिच्या पायाशी फटाक्यांची माळ लावली. ती हललीसुद्धा नाही, डोळे मात्र पांढरे झाले. भासरे नातेवाइकांना सांगत फिरत होते की धाकटीनं ऐन लग्नात घरची घोडी पळवली. बायका माझ्याकडे बघून पदर सावरत होत्या. मी जेवले आणि घरी आले.

नुकरीवर मी त्यानंतर दीड वर्षानं बसले. तारीख ठरवली नव्हती. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा फोटो काढला तेव्हा गुडघ्याची रेघ पुसली गेली होती, तरी मी थांबले. पुढचे दुधाचे दात पडून मोठे आले, पाठ दोन्हीकडून भरली, मागचा-पुढचा भाग एका उंचीला आला. रोज तिला हातात धरून शहपुऱ्याच्या बाजारापर्यंत चालवत न्यायची, लाउडस्पीकर, बैल, मोटारसायकली, सगळं दाखवून आणायची. त्या वळांच्या आठवणीनं खोगीर बघताच ती बाजूला सरायची. म्हणून कित्येक आठवडे मी खोगीर नुसतं कुंपणावर ठेवायची आणि तिथेच तिला चारा घालायची. एक दिवस ती खोगिरावर हनुवटी टेकून चघळत उभी राहिली. त्या आठवड्यात मी ते पाठीवर ठेवलं, पुढच्या आठवड्यात तंग लावला. मग एका सकाळी मैत्रिणीनं दोरी धरली, मी आधी पोटावर आडवी झाले, नंतर हळूच पाय टाकून बसले. नुकरीनं एक कान मागे वळवला, मोठा श्वास सोडला आणि गवताकडे चालायला लागली. मैत्रीण रडली. मी नाही. मला फक्त वाटत होतं की हे त्यांनी बघायला पाहिजे होतं.

त्यांनी ते नंतर बघितलं. मी नुकरीला पनागरला परत आणलं आणि त्यांच्या खाटेसमोरून दुडक्या चालीनं नेलं, मुद्दाम. ते बराच वेळ बघत राहिले. संध्याकाळी नवऱ्यानं त्यांचं बोलणं आणून पोचवलं. "दादा म्हणे, पाय तर ठणठणीत आहेत. म्हणजे तेव्हाही काही झालं नसतं."

पाय मोडला असता तर सगळ्या गावानं बघितला असता. वाचलेला पाय कुणाला दाखवायचा? डॉक्टरांच्या दोन फोटोंनाही तेच उत्तर मिळालं असतं. मी रात्रभर जळत राहिले.

गेल्या वर्षी त्यांनी नवऱ्याबरोबर निरोप पाठवला. त्यांच्या साडूच्या मुलाचं लग्न आहे, आता घोडी मोठी झाली, आता तर हरकत नसावी. खरंच नव्हती. नुकरी पाच वर्षांची झाली होती, बँडसमोर शांत उभी राहायची, हाडं भरलेली.

मी म्हटलं, "नाही म्हणून सांग."

"काय कारण सांगू?" नवऱ्यानं विचारलं.

"काही कारण नाही."

तो बराच वेळ चपला घालत बसला, मग गेला. दोन दिवसांनी भासऱ्यांनी मैदानाच्या मधून तारेचं कुंपण घातलं. आता माझ्या वाट्याला इतकीच जागा आहे की नुकरीला मोकळं धावता येत नाही. म्हणून मी तिला सकाळी नहराच्या रस्त्यानं नेते. निघताना ते तारेपलीकडे दात घासत उभे असतात. माझ्याकडे बघत नाहीत. तिच्या पायांकडे बघतात, एकेक पाऊल, पुढचा डावा जरा जास्तच. मी लगाम ढिला सोडते आणि तिला त्यांच्यासमोरूनच दुडक्या चालीनं नेते.