मोंटाना, युनायटस आणि नैवेद्य

"दादा, तुझा मोंटाना युनायटसच्या काळात असता ना, तर स्ट्रेचरवरून घरी गेला असता," गिरीश म्हणाला.

"काहीतरीच. हरलेला सामना फिरवून दाखवतो तो," शशिधर म्हणाला.

हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून आलेल्या शैलाच्या कानांवर दारातच हे पडलं. चॅनल फोरवर अमेरिकन फुटबॉल लागू लागल्यापासून दर रविवारी नवरा आणि दीर हेच दळण दळत. एक क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून संघाला खेळवणारा, आजचा; दुसरा कधीच निवृत्त झालेला. आणि या दोघा डॉक्टरांनी जन्मात तो बॉल हातात धरलेला नाही.

आज संकष्टी. पहाटे उठून तिने मोदक करून ठेवले होते. इंग्लंडातल्या या रीडिंग गावच्या ढगांतून चंद्र दिसत नाही, म्हणून पंचांगातल्या वेळेला नैवेद्य दाखवून ती उपास सोडायची. तेच मोदक आता टेबलावर समोरासमोर दोन रांगांत मांडलेले होते.

"वहिनी, हा बघा युनायटस," एक मोदक बोटाने सरकवत गिरीश म्हणाला. "खाल्ले ते आउट झालेले."

शशिधरच्या मिशीला तूप लागलं होतं. दिवसभर पेशंटच्या उलट्या पुसताना आली नव्हती, ती शिसारी तिला आता आली.

"अहो, बाप्पाला काय दाखवू?"

"उरलेत की चार," टीव्हीवरची नजर न काढता तो म्हणाला.

शैलाने बाप्पापुढे केळं ठेवलं, हात जोडले आणि तेच सोलून खाल्लं.

"पुढच्या रविवारपासून मी रात्रीची ड्यूटी घेतेय," ती म्हणाली. "संकष्टी आणि स्वयंपाक तुम्ही दोघं बघा."