दर्भाचा कावळा

दारात दोन मुली उभ्या होत्या, लांब स्कर्ट घातलेल्या, छातीवर नावाची काळी पट्टी. मॉर्मन पंथाच्या प्रचारक. मी केलेला चहा त्यांनी नम्रपणे नाकारला. त्यांच्या धर्मात चहा चालत नाही.

समोरच्या वहिनी आपल्या दारातूनच हसल्या. "चहा चालत नाही? कसला बाई हा धर्म!"

मला हसू येईना. मागच्या महिन्यात ह्यांच्या दहाव्याला आम्ही दोन तास उन्हात कावळ्याची वाट बघत हात जोडून उभे होतो. घर विकणार नाही, धाकटीचं लग्न करू, सगळं बोलून झालं. कावळा पिंडाला शिवलाच नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. परक्या कुणी पाहिलं असतं, तर तोही असाच हसला असता.

"काकू, आमच्यात नवरा-बायकोचं नातं मरणानं तुटत नाही," त्या दोघींतली एक, मूळची नगरची, म्हणाली. "पुढेही दोघं एकत्रच राहतात."

आमच्यात आत्मा पुढच्या जन्माला जातो, मागच्यांची ओळखही ठेवत नाही. तिचं मला पटलं नव्हतं. तरी मी तिचा हात घट्ट धरला.

"मग तिथे भेटल्यावर विचारता येतं का गं, ह्यांची कुठली इच्छा राहिली होती?"