काकूनं फवारलेला प्लॉट

जालन्यात आम्ही दोघी मैत्रिणींनी भाड्याच्या तीन खोल्यांत कंपनी काढली, तेव्हा आम्ही नेमकं काय करतो हे नातेवाइकांना समजावताना माझी तारांबळ उडायची. डोळ्याला जेमतेम दिसणारी एक माशी असते. ती बोंडअळीच्या अंड्यात आपली अंडी घालते, आणि अळी जन्मायच्या आतच संपते. आम्ही त्या माश्या वाढवायचो आणि त्या ज्यातून निघतात ती अंडी कागदी कार्डावर चिकटवून शेतकऱ्यांना द्यायचो. केदारखेड्याच्या काकूला हे ऐकून हसू आवरेना. "म्हणजे चोराच्या घरी चोर," ती म्हणाली, आणि काकांना न विचारताच विहिरीजवळची कपाशी आम्हाला प्रयोगाला देऊन टाकली.

हंगामभर मी तिला फोन करत राहिले. कार्डं लावली का? लावली. अळी दिसते का? "न्हाई माय, चांगलं हाय सगळं." मी खूश. मैत्रिणीलाही सांगायचे, आमच्या काकूचा प्लॉट बघ कसा येतो ते.

त्या भरवशावर आम्ही शिवारफेरी ठेवली. अंबडकडचे आणि तीर्थपुरीचे शेतकरी जीपा करून आले. आमच्यात पैसे घालायचा विचार करणारे पुण्याचे एक गृहस्थही आले होते, पांढरे बूट घालून. मी बांधावर उभं राहून बोलले. या शेतात विषाचा एक थेंब पडलेला नाही, असं म्हणाले. मग सगळे कपाशीत शिरले, बोंडं फोडून बघू लागले.

तीर्थपुरीचे एक वयस्क शेतकरी बराच वेळ एकाच झाडापाशी थांबले होते. त्यांनी पान चुरगाळलं, बोटं नाकाशी नेली.

"ताई, याला तर औषधाचा वास येऊन राह्यला."

कुणीतरी हसलं. मी म्हणाले, शेजारच्या शेतातून उडून आला असेल. त्यांनी वाद घातला नाही, फक्त खाली बोट दाखवलं. सरीत ढालकिडे मरून पडले होते, लाल पाठी वर करून. मावा खाणारे, शेतकऱ्याच्या कामाचे किडे. मग मलाही वास आला. तो पहिल्यापासूनच तिथं असणार, मी बोलत होते तेव्हाही. माझे कान तापले. पुण्याच्या गृहस्थांनी हातातलं बोंड हळूच खाली टाकलं आणि हात पँटला पुसले.

मी काकांकडे पाहिलं. ते पहाटेच खुर्च्या आणायला भोकरदनला गेलेले, त्यांनाही काही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात मागून काकूचा आवाज आला.

"म्या मारलं. सकाळी उजाडताना. तिला न्हाई माहीत."

पाठीवर पंप घेऊन, तोंडाला नुसता पदर बांधून तिनं एकटीनं सगळा प्लॉट फवारला होता. मैत्रीण पुढं झाली आणि म्हणाली, "आधी सगळ्यांनी हात धुवा, साबणानं." विषमुक्त शेती बघायला बोलावलेली माणसं विहिरीवर रांग लावून हात खसाखसा चोळत होती आणि मी बादलीनं पाणी ओतत होते. एकाच्याही डोळ्याला डोळा देता येईना.

जेवणाची ताटं मांडत असताना काकू ओसरीच्या खांबाला धरून खाली बसली. तिला दरदरून घाम फुटला होता, तोंडातून लाळ येत होती. मग उलट्या सुरू झाल्या. तीर्थपुरीच्या त्याच शेतकऱ्यांनी आपली जीप काढली. भोकरदनच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, औषध कोणतं? काका त्याच जीपनं घरी जाऊन बाटली घेऊन आले. सलाइन लावताना डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या दिसता. काय करता?" मी काकूच्या तोंडावरची लाळ पुसत राहिले. मैत्रीण म्हणाली, "आम्ही कीटकनाशकाला पर्याय तयार करतो." डॉक्टरांनी एकदा आमच्याकडे, एकदा काकूकडे पाहिलं आणि ते सलाइनचे थेंब मोजू लागले.

संध्याकाळपर्यंत तिला बरं वाटू लागलं. मी तिचे पाय चेपत बसले होते.

"असं का केलंस काकू?"

"काल बोंडं फोडली तर आत अळ्या. तुझी माणसं येणार. मंग काय करू?"

"मला सांगायचं ना."

"कसं सांगू? तू फोनवर इतकी खुशीत बोलायचीस. तुझ्या कार्डावर मुंग्या चढायच्या, अंडी खाऊन टाकायच्या. मला पहिल्या महिन्यातच दिसलं होतं. पण तू इचारायचीस बी अशी, का 'चांगलं हाय' शिवाय दुसरं काही म्हणताच येऊ नये."

हे ऐकताना मला जी लाज वाटली तिच्यापुढं शेतातली काहीच नव्हती. मी पायांवरून हात काढून घेतला. तिला वाटलं मी रागावले, ती रडू लागली. मग आम्ही दोघीही रडलो, आणि शेजारच्या खाटेवरची बाई तोंड वळवून झोपली.

पुण्याच्या गृहस्थांचा फोन पुन्हा आला नाही, आणि आम्हीही केला नाही. काकू दिवाळीला जालन्याला आली नाही. "तिला तोंड कसं दावू," असं काकांना म्हणाली म्हणे. मलाही केदारखेड्याला जायचा धीर होत नव्हता.

पुढच्या हंगामात काकांनी तोच प्लॉट पुन्हा दिला. मुंग्यांपासून वाचतील अशी झाकणाची छोटी खोकी करून आम्ही त्यांत कार्डं टांगली. या वेळी शिवारफेरीत अळ्या निघाल्याच, पण कमी. "हे असं आहे," एवढंच मी लोकांना सांगितलं. तीर्थपुरीचे ते शेतकरी म्हणाले, "आता खरं वाटतंय. थोड्याशा रानात लावून बघतो."

काकू गर्दीत आली नव्हती. लांब, लिंबाखाली उभी होती. लोक गेल्यावर मी तिच्याकडे गेले. काय निघालं, तिनं विचारलं.

"अळ्या निघाल्या," मी म्हणाले.

"लई?"

"न्हाई. पण निघाल्या."

तिनं मान हलवली. आम्ही दोघी कपाशीकडं बघत उभ्या राहिलो, एकमेकींकडं काही बघवेना.