सही लागत न्हाई

मी नांदेडला शाळेत विज्ञान शिकवते. भुतंखेतं, अंगात येणं असलं काही निघालं की मी सरळ उठून जाते... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय.

धाकटी बहीण रेखा नायगावजवळच्या खेड्यात दिलेली. दोन मुली. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिच्या अंगात रक्तच नव्हतं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, हे बाळंतपण झेपणार नाही. पण गर्भपाताला कुणी तयार होईना. नायगावातले एक डॉक्टर म्हणाले, "दोन मुलींवर तिसरं... उद्या मुलगी म्हणून पाडलं, अशी चौकशी लागली तर?" दुसऱ्यांनी नवऱ्याची सही मागितली. नवरा बाहेरगावी, फोनवर म्हणाला, "पोरगा असंल तर?"

अशात चौथा महिना लागला. शेजारणीनं उमरीच्या पुढच्या एका बाईचं नाव सांगितलं, "ती मोकळं करून देते." शेवटी आम्ही दोघी निघालो.

उमरीच्या बसस्टँडवर भर दुपार. रेखा पाणी प्यायला नळावर गेली. माझ्या शेजारी बाकड्यावर हिरव्या लुगड्यातली एक बाई येऊन बसली — चेहरा पांढराफटक.

"तिकडं नेऊन राहिलीस बहिणीला?"

मी दचकले. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी बी गेले होते. नको नेऊ."

"नवरा सही देईना, सहीशिवाय दुसरीकडं कुठं घेतील?"

"सही लागत न्हाई. सज्ञान बाईची एकटीची पुरते, कायदाच हाय तसा. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात ने."

"अक्का, कुणाशी बोलून राहिलीस?" समोर रेखा उभी होती. मी वळले... बाकडं रिकामं. समोर सगळं उघडं मैदान — जाणार कुठं?

काय वाटलं कोण जाणे, मी रेखाला उलट्या बसमध्ये घातलं. नांदेडच्या डॉक्टरांनी कागद पुढं केला. मी भीत भीत विचारलं, "नवऱ्याची सही?"

"गरज नाही. यांची पुरे." आधी रक्त चढवलं, मग बाकीचं. डॉक्टर म्हणाले, "एवढ्या कमी रक्तात बाहेर कुठं केलं असतं तर हाती लागल्या नसत्या."

रेखा आज बरी आहे. हा कायदा मी तोवर कुठंही वाचला नव्हता, ऐकला नव्हता. उन्हाचा भास म्हणावं, तर भासाला कायदा कसा ठाऊक?

परवा रेखाला ते लुगडं, तो चेहरा, ते ‘मी बी गेले होते’, सगळं पुन्हा सांगितलं. ती हळूच म्हणाली, "अक्का... ती तिकडं गेली तवा तिच्यासंगं कुणीच नसंल गं."